मदत हवी आहे : लिम्फोमाच्या रुग्णासाठी कोविडमधून बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा कसा मिळवावा?

माझी मावशी कोविडमुळे रुग्णालयात आहे. तिला ऑक्सिजन लागतो, व्हेंटिलेटरची वेळ अजून आलेली नाही. लिम्फोमासाठी (हा लसिकापेशींचा कर्करोग) तिला रिटुक्सिमॅब दिले जात होते. ते औषध ज्या बी पेशींवर काम करते, त्यांच्यापासूनच पुढे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात, त्यामुळे लस घेऊनही तिच्या रक्तात कोविडविरोधी अँटिबॉडी आढळत नाहीत. रेमडेसिव्हिर या विषाणूविरोधी औषधाचा कोर्स संपला, तरी ताप उलटतो आहे आणि चाचणी पॉझिटिव्हच येते. तिचे रक्तविकारतज्ज्ञ प्लाझ्मा (बऱ्या झालेल्यांच्या रक्तातील अँटिबॉडी असलेला द्रव भाग) देण्यास अनुकूल आहेत, मात्र रुग्णालयाच्या रक्तपेढीत तो नाही.

प्लाझ्मा निरुपयोगी ठरला आहे, असे उत्तर येईल याची कल्पना आहे, आणि बहुतेक रुग्णांपुरते ते मला मान्यही आहे. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत ११,५५८ रुग्ण होते आणि २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण प्लाझ्मा दिलेल्या व न दिलेल्या, अशा दोन्ही गटांत २४ टक्केच राहिले. परंतु त्यांतील बहुसंख्य रुग्णांचे शरीर स्वतः अँटिबॉडी बनवू शकत होते, मावशीचे तसे नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही डिसेंबर २०२१ मध्ये प्लाझ्माच्या आपत्कालीन वापराची परवानगी पूर्णपणे काढून न घेता प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या रुग्णांपुरती ठेवली होती.

आता मुख्य अडचण. नुसता प्लाझ्मा मिळून उपयोग नाही, त्यात अँटिबॉडीचे प्रमाण (टायटर) भरपूर असायला हवे आणि दाता शक्यतो अलीकडेच बरा झालेला असावा, कारण जुन्या व्हेरियंटविरुद्धच्या अँटिबॉडी आजच्या विषाणूवर पुरेशा चालतीलच असे नाही. लस घेतल्यानंतर कोविड होऊन गेलेल्या दात्यांमध्ये टायटर सहसा चांगले सापडते. मावशीचा रक्तगट बी आहे, म्हणजे बी किंवा एबी गटाच्या दात्याचा प्लाझ्मा चालेल. (प्लाझ्माचा हिशेब लाल पेशींच्या उलट असतो, ओ गटाचा दाता इथे उपयोगाचा नाही.)

ज्यांनी अलीकडे असा प्लाझ्मा मिळवला आहे किंवा जे रक्तपेढीत काम करतात, त्यांनी कृपया सांगावे : टायटर तपासून गोठवून ठेवलेला साठा असलेली रक्तपेढी कशी शोधावी? दाता आम्ही आणल्यास अफेरेसिस (यंत्राने रक्तातून फक्त प्लाझ्मा काढून घेणे) आणि टायटरची तपासणी एकाच ठिकाणी होते का, आणि सर्व तपासण्या होऊन पिशवी हाती येईपर्यंत किती वेळ धरावा? डॉक्टरांच्या मागणीपत्रात टायटरची अट नेमकी कोणत्या शब्दांत लिहून घ्यावी? मावशीचे हृदय थोडे कमकुवत असल्याने दोन पिशव्या वेगवेगळ्या दिवशी, सावकाश द्याव्यात असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा दोन्ही एकाच दात्याच्या मिळू शकतील का, हेही कळले तर बरे होईल.

दात्यांचे फोन क्रमांक कृपया इथे उघडपणे देऊ नयेत. व्यवहार रुग्णालयाची रक्तपेढी आणि प्लाझ्मा देणारी रक्तपेढी यांच्यातच व्हावा, अशी आमची इच्छा आहे. पैसे मागणाऱ्या मध्यस्थांचे निरोप याआधीच येऊन गेले आहेत.