२९ चा आकडा आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची (सोसायटी ग्रुप, ९ डिसेंबर २०२४, रात्री)

नाना (ए-३०४): आपले वडाळ्याचे कोळंबकर आजपासून पुन्हा साधे आमदार. तीन दिवस विधानसभेचे हंगामी अध्यक्ष होते, सगळ्या सभागृहाला शपथ दिली. नऊ वेळा निवडून आलाय माणूस. पक्ष तीन झाले, पण मतदार तेच. आज राहुल नार्वेकर बिनविरोध अध्यक्ष झाले.

बंटी (सी-५०१): बिनविरोध म्हणजे समोर कोणी उभंच राहिलं नाही ना 😄

नाना (ए-३०४): उभं राहून करणार काय? हरायचंच होतं. पण लागोपाठ दुसऱ्यांदा अध्यक्ष होणं ही साधी गोष्ट नाही. महाराष्ट्रात आधी हे फक्त बाळासाहेब भारदेंना जमलं होतं, ६२ ते ७२.

सेक्रेटरी: मंडळी, ग्रुपवर राजकारण नको असं ठरलं होतं. आणि बी विंगच्या लिफ्टचं काम उद्या ११ ते १.

काकू (बी-२०३): हे राजकारण नाही, नागरिकशास्त्र आहे. बोलू द्या नानांना.

अण्णा (ए-१०१): नागरिकशास्त्र कसलं, महायुतीचे २८८ पैकी २३०! भाजप १३२, शिंदे ५७, अजितदादा ४१. वर चिल्लर पक्ष मिळून आणखी पाच. असं बहुमत मी तरी पाहिलेलं नाही.

बंटी (सी-५०१): अण्णा, मजा अशी की भाजपला एकट्याला बहुमताच्या १४५ ला १३ कमी पडतात, पण दोघांपैकी कोणीही एक सोबत राहिला तरी पुरतं. १३२ आणि ४१ मिळून १७३. शिंदे रुसून दरे गावाला गेले तेव्हा चॅनलवाले ओरडत होते, सरकार लटकलं. लटकायला काय होतं त्यात? रुसव्याची किंमत निकालाच्या दिवशीच ठरली होती.

अण्णा (ए-१०१): तरी मुख्यमंत्र्याचा उपमुख्यमंत्री होणं सोपं नाही हो.

काकू (बी-२०३): का, फडणवीस २०२२ ला झालेच होते की. आता खुर्च्यांची अदलाबदल. अजितदादा मात्र जागचे हलत नाहीत, उपमुख्यमंत्री म्हणून सहावी शपथ. 🙏

ताई (सी-१०२): मला एक विचारायचं होतं. विरोधी पक्षनेता कोण होणार? मुलाला शाळेत लिहून न्यायचंय.

अण्णा (ए-१०१): कोणीच नाही. २९ आमदार लागतात, दहा टक्के. उद्धवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवार १०. विषय संपला.

नाना (ए-३०४): अण्णा, थांबा. २९ लागतात हे कुठल्या कायद्यात आहे?

अण्णा (ए-१०१): सगळे चॅनल सांगतायत.

नाना (ए-३०४): चॅनल सांगतायत, कायदा सांगत नाही. आपल्याकडे विरोधी पक्षनेत्यांच्या पगार-भत्त्यांचा १९७८ चा कायदा आहे. त्यात एवढंच म्हटलंय की विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा नेता आणि अध्यक्षांनी मान्यता दिलेला. टक्केवारी नाही. दहा टक्के आले लोकसभेतून. पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर (घराणं मूळचं आपल्या रत्नागिरीकडचं), त्यांनी पायंडा पाडला की निदान गणपूर्ती (सभागृह चालायला लागणारी किमान हजेरी) होईल एवढे लोक असतील तरच त्याला पक्ष म्हणून मान्यता. गणपूर्ती एक दशांश. २८८ चे एक दशांश म्हणजे २९. तुमचा आकडा तिथून आला.

बंटी (सी-५०१): पण लोकसभेत तर २०१४ ला काँग्रेसला नाकारलं ना? ४४ होते.

नाना (ए-३०४): नाकारलं. २०१९ ला ५२ होते, तेव्हाही पद रिकामंच. उलट उदाहरण घे. दिल्लीत २०१५ ला ७० पैकी भाजपचे फक्त तीन आमदार. केजरीवालांच्या पक्षाच्या अध्यक्षांनी विजेंदर गुप्तांना विरोधी पक्षनेता केलं. तीन! आणि आपल्याकडे ८५ च्या विधानसभेत शरद पवार काँग्रेसमध्ये परत गेल्यावर विरोधक राहिले किती? त्या काळात मृणालताई गोरे विरोधी पक्षनेत्या होत्या, शेकापचे (शेतकरी कामगार पक्ष) दत्ता पाटील होते. शेकाप तेव्हा १३ जागांचा पक्ष. २९ च्या जवळपास तरी होता का?

काकू (बी-२०३): मृणालताईंना आम्ही लाटणं मोर्चात पाहिलंय. त्या उभ्या राहिल्या की मंत्र्यांना घाम फुटायचा.

अण्णा (ए-१०१): म्हणजे नार्वेकरांच्या मनावर आहे सगळं.

नाना (ए-३०४): हो. म्हणून "नियमात बसत नाही" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. द्यायचं नसेल तर देत नाही म्हणा.

बंटी (सी-५०१): पण नाना, विरोधकांनी तरी नाव कुठे ठरवलंय? परवा शपथच घेतली नाही, ईव्हीएमचा निषेध म्हणून. काल गुपचूप येऊन घेतली. समाजवादीवाले दोघं पहिल्याच दिवशी घेऊन मोकळे, वर महाविकास आघाडीतून बाहेर. आणि मारकडवाडी? जिथे मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायला निघाले, त्या माळशिरसला जिंकले कोण? शरद पवारांचेच उत्तम जानकर.

काकू (बी-२०३): जिंकलेल्यानेच तक्रार केली तर उलट ऐकायला हवं ना? "हरले म्हणून रडतात" असं तरी म्हणता येत नाही.

बंटी (सी-५०१): 🤔 हा मुद्दा बरोबर.

अण्णा (ए-१०१): लोकांनी झिडकारलं, मान्य करा की.

नाना (ए-३०४): जागांत झिडकारलं. मतांत तसं नाही. अजितदादांना ९ टक्के मतं आणि ४१ आमदार. थोरल्या पवारांना ११ टक्क्यांच्या वर मतं आणि १० आमदार. थोरल्यांनी ८६ जागा लढवल्या, दादांनी ५९, हा फरक धरायला हवा. पण म्हणून त्या ११ टक्के लोकांच्या वतीने सभागृहात कोणी बोलायचंच नाही?

सेक्रेटरी: बोलायला आमदार आहेतच की. पद नसलं तर काय अडतं? गाडी, बंगला, मंत्र्याचा दर्जा, एवढंच ना?

नाना (ए-३०४): साहेब, आलात का शेवटी 😀 अडतं ते निवड समित्यांवर. राज्य मानवी हक्क आयोगाचा अध्यक्ष नेमायचा तर समितीत मुख्यमंत्री, विधानसभा अध्यक्ष, गृहमंत्री आणि विरोधी पक्षनेता. माहिती आयुक्तांच्या निवडीतही तो असतो. माहिती अधिकाराच्या कायद्यात मात्र आधीच लिहून ठेवलंय की मान्यताप्राप्त नेता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता धरावा. कायदा करणाऱ्यांना ही वेळ येणार हे ठाऊक होतं.

ताई (सी-१०२): मग मी वहीत काय लिहू?

काकू (बी-२०३): "पद रिक्त" लिही. आणि खाली विधान परिषदेत अंबादास दानवे. बाई एकही दिसत नाही बघ कुठे वरती.

ताई (सी-१०२): बायका किती आहेत एकूण?

काकू (बी-२०३): २१. मागच्या वेळी २४ होत्या. त्यातल्या १४ एकट्या भाजपच्या. अख्ख्या आघाडीत एकच, धारावीच्या ज्योती गायकवाड. लाडकी बहीण म्हणून १५०० खात्यात, २१०० चं वचन, मतदानाला रांगा आमच्या, आणि २८८ मध्ये २१. आपल्या सोसायटीच्या कमिटीतसुद्धा ११ मध्ये दोन जागा बायकांना राखीव आहेत. तेही कायद्याने, सेक्रेटरींच्या मर्जीने नाही.

सेक्रेटरी: 🙏🙏

बंटी (सी-५०१): काकू, ३३ टक्क्यांचा कायदा झालाय की २०२३ ला.

काकू (बी-२०३): झालाय. आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण. तोवर बंट्या तुझी पोरगी मतदानाला जाईल.

अण्णा (ए-१०१): बरं, मंत्री कधी? पाच तारखेला तिघांनीच शपथ घेतली आझाद मैदानावर. आज विश्वासदर्शक ठरावही आवाजी मतदानाने झाला.

नाना (ए-३०४): १६ पासून नागपूरला अधिवेशन, त्याआधी उरकावं लागेल. मंत्र्यांची मर्यादा आमदारांच्या १५ टक्के, म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३. तिघं झाले, उरले ४०. इच्छुक मोजा.

बंटी (सी-५०१): २३० मधून ४३ गेले की १८७ नाराज.

काकू (बी-२०३): त्यांना महामंडळं आहेत की.