प्रतिसाद: ब्रेकचं काय ठरलं?
फोर्डच्या पेट्रोल एफ-१५० पिकअपमध्ये कमिन्सचं ४बीटी डिझेल इंजिन बसवायचं म्हणताय, माउंट आणि गिअरबॉक्सवर वर भरपूर चर्चाही झालीय. पण ब्रेकचं कोणीच काढलं नाही. पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमधल्या (हवा आत घेणाऱ्या नळ्यांमधल्या) व्हॅक्यूमवर ब्रेकचं पेडल हलकं करणारा बूस्टर चालतो. या डिझेलला थ्रॉटलच, म्हणजे हवा अडवणारी झडपच नाही, मग व्हॅक्यूम कुठून येणार? पेडल दगडासारखं लागेल. वेगळा व्हॅक्यूम पंप लावा, नाहीतर पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रोबूस्ट (तेलाच्या दाबावरचा बूस्टर). मी तरी हायड्रोबूस्टच घेईन.

दुसरं म्हणजे मागचा डिफरन्शियल. ४बीटी हे मुळात अमेरिकेतल्या ब्रेडच्या डिलिव्हरी व्हॅनमधलं, ३.९ लिटरचं, २,५०० आरपीएमच्या पुढे फारसा दम नाही. डिफरन्शियलचा ४.१० रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे ४.१ फेरे) असेल तर हायवेवर नुसतं बोंबलत राहील. ३.५५ किंवा त्याखालचा बघा. थरथरीची तयारी ठेवा, आरशात मागची गाडी ओळखू येणार नाही!