‘त्यांची साक्ष चांगली होती’ म्हणजे नेमके काय?

आडवाट:
हिशेब विभागातल्या एका ख्रिस्ती सहकाऱ्यांच्या अंत्यविधीला गेलो होतो. बोलायला उभ्या राहिलेल्या निम्म्या लोकांनी तरी म्हटले, “त्यांची साक्ष चांगली होती.” मला आधी कोर्टच आठवले. हे गृहस्थ अतिशय मितभाषी. कुठल्या खटल्यात साक्षीला गेले असतील असे वाटत नाही, आणि धर्माबद्दल तर आमच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. मग साक्ष कसली, आणि दिली कोणी?

कानामात्रा:
हा आमच्या ख्रिस्ती मंडळीतला रोजचा शब्द, म्हणून तो बाहेरच्यांना अडतो हे लक्षातच येत नाही. दोन प्रयोग आहेत. ‘साक्ष देणे’ म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते चारचौघांत सांगणे. ‘साक्ष चांगली असणे’ म्हणजे वागणूक अशी असणे की तिच्याकडे पाहून विश्वास खरा वाटावा. तुम्ही ऐकलात तो दुसरा. ‘असे केले तर साक्ष बिघडेल’ असेही म्हणतात.

अनुबंध:
गंमत षष्ठीत आहे. ‘त्यांची साक्ष’ म्हणजे त्यांनी दिलेली की त्यांच्याविषयी दिलेली? मराठीत दोन्ही चालते.

साक्षी या शब्दाची सोय पाणिनीने लावली आहे: ‘साक्षाद्द्रष्टरि संज्ञायाम्’ (५.२.९१). साक्षात पाहणारा तो साक्षी. पण आपल्याकडे या शब्दाला वेदान्ताचा रंग चढला. श्वेताश्वतर उपनिषदातला ‘साक्षी चेता केवलो निर्गुणश्च’ नुसता पाहतो, कशात गुंतत नाही. ‘साक्षीभावाने बघ’ म्हणतो तेव्हा अलिप्त राहा असेच सुचवायचे असते. ख्रिस्ती वापर याच्या नेमका उलट दिसतो.

कानामात्रा:
उलट, आणि फार उलट. बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मार्तुस’. मूळ अर्थ कोर्टातला साक्षीदार, पण सुरुवातीच्या शतकांत साक्ष न बदलल्यामुळे जीव गमावलेल्यांना तोच शब्द चिकटला आणि इंग्रजीत मार्टर झाला. अरबीतही तीच जोडी आहे: शाहिद म्हणजे साक्षीदार, शहीद म्हणजे हुतात्मा. अलिप्त साक्षीदाराचा जीव कोण घेईल?

आणखी एक बारकावा. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (१:८) येशू शिष्यांना ‘तुम्ही माझे साक्षी व्हाल’ असे म्हणतो. द्याल नव्हे, व्हाल.

शंकेखोर:
‘व्हाल’वर फार भार टाकू नका. साक्षीदार होऊन गप्प बसलेल्याला कोणते कोर्ट विचारते? नुसते नीट वागणे म्हणजे साक्ष, हे मला सोयीचे भाषांतर वाटते. संत फ्रान्सिसच्या नावावर खपणारे ‘नेहमी सुवार्ता सांगा, गरज पडली तर शब्दही वापरा’ हे वाक्य त्याच्या लेखनात कुठेही सापडत नाही.

कानामात्रा:
वाक्य त्याचे नाही, मान्य. पण त्याच्या १२२१ च्या नियमावलीत संघातल्या सर्व बंधूंनी कृतीने उपदेश करावा असे आहेच. त्याच प्रकरणात शब्दांनी उपदेश करण्याबद्दलही आहे, म्हणजे तुमचा अर्धा मुद्दा शाबूत.

वळणदार:
वागणुकीच्या शब्दाबद्दल कोणी बोलेना, म्हणून मी. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१) देवाचे वचन न मानणारे नवरे बायकांच्या वर्तनामुळे ‘वचनावाचून’ वळतील असे आहे. इथे ग्रीक शब्द ‘अनास्त्रोफे’, त्यातला मूळ धातू वळण्या-फिरण्याचा. आपले ‘वर्तन’ही वृत् धातूचे, म्हणजे वळणे, फिरणे. आणि मराठीने तर हे वळणे लपवलेसुद्धा नाही, ‘मुलाला चांगले वळण आहे’ म्हणते. माणूस दिवसभर कुठे कसा वळतो, तेच त्याचे वर्तन.

१६११ च्या इंग्रजी बायबलात इथे ‘कॉन्व्हर्सेशन’ आहे! तेव्हा त्याचा अर्थ वागणूक. आजचा वाचक मात्र ‘न बोलता, गप्पांमुळे वळतील’ असे वाचून डोके खाजवतो.

शंकेखोर:
त्याच पत्रात, त्याच अध्यायाच्या पंधराव्या ओवीत, तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार राहा, असेही आहे. तिथला ‘अपोलोगिया’ शब्द चक्क कोर्टातला, बचावाच्या भाषणाचा.

वळणदार:
हो, पण ‘विचारले तर’. वागण्यात विचारावेसे वाटण्यासारखे काही नसेल, तर विचारणार कोण? आणि उत्तर सौम्यतेने द्या हेही तिथेच आहे.

पूर्णांक:
मला ‘सचोटी’च्या बाजूने यायचे आहे. इंग्रजी इंटेग्रिटी आणि गणितातला इंटिजर, म्हणजे आपला पूर्णांक, एकाच लॅटिन शब्दाचे: अखंड, न तुटलेले. हिब्रूतला ‘ताम’ही तसाच, पुरा, निर्दोष. मराठी बायबलने जुन्या करारातल्या ईयोबासाठी त्याला ‘सात्त्विक’ केले. त्या काळी ठीक असेल, पण आता सात्त्विक म्हटले की सात्त्विक संतापच आठवतो. ‘खरा आणि सरळ’ मला जास्त भावते.

याचा उलट शब्द याकोबाच्या पत्रात आहे, ‘दिप्सुखोस’, शब्दशः दोन जिवांचा. भाषांतरकारांनी ‘द्विबुद्धीचा’ केले ते फार बरे झाले. ‘दोन जिवांची’ला मराठीत भलताच अर्थ आहे.

जाता जाता: सिन्सिअर म्हणजे ‘मेणाविना’, कारण लबाड शिल्पकार मूर्तीच्या भेगा मेणाने बुजवत, ही गोष्ट प्रवचनांतून पुष्कळ ऐकू येते. गोष्ट छान, व्युत्पत्ती बनावट. निदान सचोटीवरच्या प्रवचनात तरी ती नको.

अनुबंध:
वा! आता माझ्याकडचा ऐवज. श्रद्धा आणि सचोटी हे दोन वेगळे विषय समजून आपण बोलतो आहोत, पण एक शब्द दोन्ही आहे आणि तो रोज आपल्या तोंडी असतो: इमान. अरबीत त्याचा अर्थ श्रद्धा. मराठीत आला आणि निष्ठा, प्रामाणिकपणा झाला. ‘इमानेइतबारे काम केले’ म्हणताना धर्म मनातही नसतो. बेइमान म्हणजे नास्तिक नव्हे, दगाबाज. अमानत याच अ-म-न धातूची, विश्वासाने सोपवलेली वस्तू. आणि याच सेमिटिक धातूचे हिब्रू भावंड म्हणजे ‘आमेन’.

कानामात्रा:
प्रार्थनेच्या शेवटी आयुष्यभर आमेन म्हणत आले, पण तो बेइमानचा सख्खा नातलग आहे हे आज कळले. ग्रीकमध्येही तसेच: ‘पिस्तिस’ म्हणजे विश्वास, पण गलतीकरांच्या पत्रात आत्म्याच्या फळांत तोच शब्द येतो तेव्हा मराठी बायबल ‘विश्वासूपणा’ म्हणते. विश्वास ठेवणारा आणि विश्वास ठेवण्याजोगा, दोघांना एकच शब्द.

शंकेखोर:
हे पटले. तरी मूळ प्रश्न शिल्लक आहे: षष्ठी कोणती?

कानामात्रा:
अंत्यविधीत दुसरीच, त्यांच्याविषयी दिलेली. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (३:७) मंडळीच्या अध्यक्षाविषयी बाहेरच्या लोकांचीही चांगली साक्ष असावी अशी अट आहे. म्हणजे साक्ष बाहेरच्यांनी द्यायची.

आडवाट:
बाहेरचे म्हणजे आम्ही. मग सांगतो. एकदा साहेबांना एका बिलावर मागची तारीख हवी होती. हे म्हणाले, “तारीख आजचीच पडेल,” आणि पुढच्या कागदाकडे वळले. वर्षअखेर होती, सगळ्यांचे काम अडले. आडमुठा माणूस, असे मीच म्हटले होते. पुढे कोणाच्या पैशांचा, किल्ल्यांचा प्रश्न आला की मात्र आम्ही त्यांच्याच टेबलाशी जायचो. का ते विचारायचे राहिले.

त्यांच्या मुलीला पत्र लिहितो आहे. ‘त्यांची साक्ष’ लिहू की ‘त्यांच्याविषयी साक्ष’?

अनुबंध:
‘त्यांच्याविषयी’ लिहा. ती तुमची आहे. तारखेचा प्रसंगही लिहा, आडमुठ्यासकट.