कोलोनोस्कोपीत पॉलिप सुटू नयेत म्हणून कफ, कॅप की एआय?

प्रश्न (धंतोली, नागपूर)
सेंटरला कोलोनोस्कोपीत (स्कोपने म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची गाठ, शोधायला मदत करणारं एकच काहीतरी घ्यायचं आहे. स्कोपच्या टोकाला बसवायचा काड्यांचा एंडोकफ, घडी बाजूला सारणारी पारदर्शक कॅप की एआयचा बॉक्स? एंडोकफ बसवताना काय चुकतं तेही सांगा.

उत्तर १
तिघांची कामं वेगळी आहेत. एआय स्क्रीनवर आलेल्या पॉलिपभोवती चौकट काढतं. आतड्याच्या घडीमागे लपलेलं त्याला दिसणारच नाही. कफ ती घडी सपाट करतो. स्कोप आत जाताना त्याच्या काड्या मागे दुमडतात, बाहेर काढताना उघडून आतड्याच्या घड्या धरतात. ब्रिटनमध्ये १७७२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत एंडोकफ व्हिजन या मॉडेलने अ‍ॅडेनोमा (पुढे कॅन्सर होऊ शकणारा पॉलिप) सापडण्याचं प्रमाण ३६.२ वरून ४०.९ टक्क्यांवर गेलं. फायदा मुख्यतः शौचातल्या रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आल्यामुळे पाठवलेल्या रुग्णांत दिसला. केसेस कोणत्या येतात ते आधी बघा.

उत्तर २ (एंडोस्कोपी टेक्निशियन)
साइज स्कोपच्या टोकाच्या व्यासाप्रमाणेच घ्या. सैल कफ आत निसटतो. टोक स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडं करा, जेली कफ बसल्यावरच. कड लेन्ससमोर यायला नको. पाण्याचा फवारा मारून बघा, चित्राच्या कडेला काळी रेघ दिसली तर परत बसवा. सिग्मॉइडमध्ये (गुदाशयाआधीचा वळणाचा भाग) ताठ वळण लागलं तर ढकलू नका, स्कोप बाहेर घेऊन कफ काढा. आतडं अरुंद झालेलं असेल किंवा कोलायटिस (आतड्याची सूज) जोरात असेल तर लावूच नका. कफ एकदाच वापरायचा. धुऊन पुन्हा लावू नका, कितीही महाग वाटला तरी.

उत्तर ३
कृपा करून आधी प्रेप (तपासणीआधी आतडं साफ करणं) सुधारा, घाण आतड्यात कोणतंच यंत्र चालत नाही. औषधाचा दुसरा अर्धा डोस तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून २ तास आधी संपवायचा. आतड्यातला फेस घालवायला सिमेथिकोन हे औषध. आपल्याकडे जवसाची चटणी आणि संत्र्याच्या फोडी ताटात असतातच, त्या दोन-तीन दिवस आधीच बंद करायला सांगा. जवसाचे दाणे सक्शन चॅनेलमध्ये अडकले की वेळ तिथेच जातो. उन्हाळ्यात साधं पाणी आणि ओआरएस लिहूनच द्या.

बोस्टन स्कोअर (आतडं किती साफ आहे याचे ० ते ३ गुण) प्रत्येक भागात किमान २ हवा. सिकमपासून (मोठ्या आतड्याची सुरुवात) बाहेर येताना किमान ६ मिनिटं, २०२४ च्या अमेरिकन निकषांत ८. त्यात पॉलिप काढण्याचा वेळ धरायचा नाही. उजवी बाजू दोनदा बघा, सपाट सिरेटेड (करवतीसारख्या दातेरी रचनेचे) पॉलिप बहुतेक तिथेच म्यूकसच्या (चिकट स्रावाच्या) थराखाली असतात. धुतल्याशिवाय पुढे सरकू नका.

प्रश्नकर्ता
मग आधी प्रेपचा कागद मराठीत छापतो आणि स्क्रीनजवळ टायमर लावतो. शौचाची तपासणी पॉझिटिव्ह असलेल्यांसाठीच थोडे कफ मागवतो.

उत्तर २
ठीक. दोन साइजचे ठेवा, कोलोनोस्कोप दोन मॉडेलचे असतील तर.