मदत हवी आहे: व्हिपल ऑपरेशनच्या आधी केमो, कोणाचा अनुभव आहे का?

बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघालाय, गाठ शेजारच्या मोठ्या शिरेला टेकलीये म्हणून डॉक्टर बॉर्डरलाइन (म्हणजे ऑपरेशनने पूर्ण निघेल की नाही याच्या सीमेवर) म्हणतात आणि आधी फोलफिरिनॉक्स (काही औषधं एकत्र देतात ती) केमो, मग व्हिपल (स्वादुपिंडाचं डोकं आणि लगतचा आतड्याचा भाग काढायचं ऑपरेशन) करू म्हणाले. आईला वाटतंय उगाच वेळ जातोय, लगेच काढून टाका. मला पटलंय, कारण गाठ आक्रसली तर कडा स्वच्छ मिळायची (कापलेल्या जागी कॅन्सर न उरण्याची) शक्यता वाढते, शिवाय ऑपरेशननंतर अशक्तपणामुळे बऱ्याच जणांची केमो राहूनच जाते. काविळीसाठी पित्तनळीत स्टेंट (छोटी नळी) टाकून झालाय. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज सांगा, केमोत वजन कसं टिकवलं? आणि सीए १९-९ (रक्तातला कॅन्सरचा मार्कर) उतरला पण सीटीत गाठ तेवढीच दिसली, तरी सर्जननी ऑपरेशन केलं का? केमोनंतर जिवंत गाठ आणि नुसता व्रण स्कॅनमध्ये नीट वेगळे दिसत नाहीत म्हणे, त्याचीच भीती वाटतेय.