मानवशास्त्र प्रयोगशाळेतील चित्रपट: व्याख्यान आधी ठेवावे की नंतर?

प्रश्न: विभागातला_एक

आमच्या विद्यापीठातील मानवशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत येत्या सत्रापासून दरमहा एक सार्वजनिक व्याख्यान आणि त्याला जोडून एक एथ्नोग्राफिक (म्हणजे एखाद्या समाजाचे जीवन टिपणारा) चित्रपट, असा उपक्रम सुरू करण्याचा विचार आहे. प्रयोगशाळा म्हणजे एरवी प्लास्टरच्या कवट्या, मापनाचे कॅलिपर आणि भिंतीलगतची लोखंडी कपाटे असलेली खोली. टेबले बाजूला सारली तर चाळीसेक खुर्च्या मावतात. कार्यक्रम विद्यार्थ्यांपुरता न ठेवता गावातील कोणालाही येता यावे, अशी इच्छा आहे.

यापूर्वी असे जे थोडे कार्यक्रम झाले, त्यांचा क्रम ठरलेला असे: तज्ज्ञांचे तासाभराचे व्याख्यान, मग चित्रपट, मग आभारप्रदर्शन. त्याचा परिणाम असा होतो की व्याख्यानात ऐकलेले प्रेक्षक पडद्यावर शोधत राहतात, सापडले की माना डोलावतात, आणि दिवे लागताच चहाकडे वळतात. चर्चेसाठी कोणी थांबलेच, तर ‘हे लोक अजूनही असेच राहतात का?’ या एका प्रश्नापलीकडे गाडी जात नाही. तेव्हा व्याख्यान आधी ठेवावे की नंतर, आणि सुरुवातीला कोणते चित्रपट घ्यावेत, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: माळावरचा_वाटसरू

व्याख्यान नंतर ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे ज्या चित्रपटात प्रत्यक्षच करून दाखवले आहे, त्यानेच मालिका सुरू करावी: टिमथी अ‍ॅश आणि मानवशास्त्रज्ञ नेपोलियन शॅग्नन यांचा ‘द अ‍ॅक्स फाइट’ (१९७५), लांबी अवघा अर्धा तास. फेब्रुवारी १९७१ मध्ये हे दोघे व्हेनेझुएलातील यानोमामी या आदिवासींच्या एका गावात पोहोचले आणि लगेचच तेथे भांडण पेटले. दांडक्यांवरून प्रकरण कुऱ्हाडींपर्यंत गेले. पहिल्या भागात हे चित्रण जवळजवळ जसेच्या तसे, निवेदनाशिवाय दहाएक मिनिटे चालते. कॅमेरा लांब आहे, माणसे मध्ये येतात, कोण कोणाच्या बाजूने धावते आहे याचा पत्ता लागत नाही. चित्रण संपते तेव्हा चित्रपटकर्त्यांचे आपसातले बोलणे ऐकू येते आणि त्यात शॅग्नन सांगतात की भांडणाचे मूळ निषिद्ध नात्यातील संबंधात आहे. त्यानंतर चित्रपट स्वतःच जाहीर करतो की हा खुलासा चुकीचा होता. एका बाईने पाहुण्याला केळी देण्याचे नाकारले, तिला मार बसला आणि तिच्या बाजूने नातलग धावून आले, असा तो प्रकार होता. पुढे तेच चित्रण संथ गतीने, माणसांवर बाण दाखवीत पुन्हा येते, मग वंशावळीचे तक्ते येतात, आणि शेवटी त्याच प्रसंगाची कापून-जोडून सफाईदार केलेली आवृत्ती येते, जिच्यात मघाचा गोंधळ औषधालाही उरलेला नसतो.

व्याख्यात्याने यापेक्षा वेगळे काय करायचे असते? म्हणून माझी सूचना अशी की पहिला भाग झाल्यावर चित्रपट थांबवावा, दिवे लावावेत, आणि प्रेक्षकांना काय दिसले ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावे. एक जण म्हणेल सूड, दुसरा म्हणेल दारू, तिसरा म्हणेल जमिनीचा वाद. हे सगळे फळ्यावर लिहून ठेवावे आणि मग उरलेला चित्रपट दाखवावा. जाणकार अभ्यासकही ऐन वेळी फसला होता, हे कळल्यावर सामान्य प्रेक्षकाची भीड चेपते. अध्यक्षीय भाषणाने हे काम होणार नाही.

‘हे लोक अजूनही असेच राहतात का?’ या प्रश्नाला आपण कंटाळलेले दिसता, परंतु तो टाकाऊ प्रश्न नाही. त्यासाठी दुसऱ्या महिन्यात रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) हा कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट लोकांवरचा चित्रपट ठेवावा. पडद्यावरील नानूकचे खरे नाव अलाकारिअलाक असे होते, आणि त्याच्या बायका म्हणून दाखवलेल्या स्त्रिया प्रत्यक्षात त्याच्या बायका नव्हत्या. हडसन उपसागराच्या काठावरच्या त्या भागात तेव्हा बंदुका रुळलेल्या असूनही शिकार भाल्याने करविली गेली. बर्फाच्या घरात कॅमेरा आणि उजेड या दोहोंची सोय होईना, म्हणून आतील दृश्यांसाठी एका बाजूने उघडे असे मोठे घर बांधले. म्हणजे ज्या दृश्यात कुटुंब ऊबदार घरात झोपी जाताना दिसते, त्यात ती माणसे उघड्यावरच्या थंडीत कपडे उतरवीत आहेत. आणि चित्रपटाला पैसा कातड्यांचा व्यापार करणाऱ्या रेव्हियों फ्रेर या कंपनीचा होता. चित्रपट आधी दाखवून ही माहिती मागाहून दिली, तर लोक तो पुन्हा पाहण्याचा हट्ट धरतील, याची खात्री बाळगावी. माहिती आधी दिली, तर ते केवळ चोऱ्या पकडत बसतील.

उत्तर: सावकाश_वाचक

वरील मताशी मी बव्हंशी सहमत असलो, तरी ‘व्याख्यान नेहमी नंतरच’ हा नियम मला धोक्याचा वाटतो. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ व चित्रपटकर्ते ज्यां रूश यांचा ‘ले मेत्र फू’ (१९५५) हा अर्ध्या तासाहून थोडा मोठा चित्रपट घ्या. गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीतील (आजचा घाना) अक्रा येथे मजुरीसाठी आलेल्या नायजरकडील माणसांच्या अंगात गव्हर्नर, शिपाई, इंजिनचालक अशा वसाहती राजवटीतल्या व्यक्ती येतात, तोंडाला फेस येतो, कुत्र्याचा बळी देऊन त्याचे मांस खाल्ले जाते. पॅरिसमधील म्यूझे द लॉम या संग्रहालयात तो प्रथम दाखवला गेला, तेव्हा आफ्रिकी विद्यार्थी संतापलेच, पण रूश यांचे गुरू मार्सेल ग्रिओल यांनीही तो नष्ट करावा असे सुचवले. पुढे ब्रिटिशांनी गोल्ड कोस्टमध्ये त्यावर बंदी घातली. सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेंबेन यांनी १९६५ मध्ये रूश यांना समोरासमोर सुनावले की तुम्ही आमच्याकडे किड्यांकडे पाहावे तसे पाहता. हा चित्रपट कोऱ्या मनाने पाहायला लावला, तर खोलीत हशा पिकेल, आणि एकदा हशा पिकला की मागाहूनचे कोणतेही व्याख्यान तो पुसू शकत नाही. येथे दहा मिनिटांची प्रस्तावना आधी हवीच. मात्र ती दहाच मिनिटांची असावी. आपल्याकडील वक्त्यांना घड्याळ दाखविणे किती अवघड असते, हे वेगळे सांगायला नको.

याउलट रॉबर्ट गार्डनर यांच्या ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’ (१९८६) या काशीवरील दीड तासाच्या चित्रपटाआधी चकार शब्द बोलू नये. त्यात निवेदन नाही आणि बोलण्याचे भाषांतरही दिलेले नाही, यावरून पाश्चात्त्य अभ्यासकांत मोठे वादंग माजले. माणसांचे म्हणणे वगळून त्यांना केवळ दृश्य केले, असा मुख्य आक्षेप होता. तोच चित्रपट आपल्या प्रयोगशाळेत लावला, की समोरचा प्रेक्षक त्यातील हिंदी बरेचसे समजून घेणारा असतो. लाकडांची वखार, झेंडूच्या माळा आणि तिरडी यांचा अर्थ त्याला विचारावा लागत नाही, आणि चाळीसांतील काही जणांनी काशीला अस्थिविसर्जन केलेले असण्याचाही संभव आहे. तेव्हा तो आक्षेप येथे कितपत उरतो, हाच व्याख्यानाचा विषय व्हावा.

उत्तर: कलमबहाद्दर

चित्रपटांची निवड जाणकारांवर सोपवतो. मी फक्त परवानगीविषयी सांगतो, कारण ती बाब शेवटच्या आठवड्यात आठवते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थांना चित्रपट दाखविण्याची सवलत आहे, परंतु प्रेक्षक हे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरते मर्यादित असावेत, अशी तिची अट आहे. आपण ‘गावातील कोणालाही’ म्हणता, तेथे ही सवलत लंगडी पडते. अशा चित्रपटांचे हक्क बहुधा मोजक्या वितरकांकडे असतात, त्यांतील अमेरिकेतील डॉक्युमेंटरी एज्युकेशनल रिसोर्सेस आणि लंडनची रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ही दोन नावे प्रथम तपासावीत. तिकीट नाही आणि खुर्च्या चाळीस आहेत, हे पत्रात आवर्जून लिहावे. ‘नानूक’च्या कॉपीराइटची मुदत संपलेली आहे, मात्र त्याच्या नव्या आवृत्तीला दिलेले संगीत वेगळ्या हक्काखाली असू शकते. सार्वजनिक प्रदर्शन म्हटले की सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ खालील प्रमाणपत्राचाही मुद्दा येतो. त्याबाबत विद्यापीठाच्या विधी विभागाचे लेखी मत फायलीत असू द्यावे.

उत्तर: जेजुरीकडची

यानोमामी, इनुइट, काशी अशी यादी वाचताना वाटले की महाराष्ट्रातील मानवशास्त्र प्रयोगशाळेने महाराष्ट्राकडे निदान तिसऱ्या महिन्यात तरी वळावे. जर्मनीतील हायडेलबर्गचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवतांवर ग्रंथ लिहिला, आणि हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासमवेत पंढरीच्या वारीवर व खंडोबावर चित्रपटही केले. वारीवरील चित्रपटाला जोडून इरावती कर्वे यांचा वारीविषयीचा लेख वाचावा. ज्यांनी डेक्कन कॉलेजात मानवशास्त्र शिकवले, त्या बाई दिंडीत चालताना ब्राह्मण बायकांच्या आणि मराठा बायकांच्या वेगळ्या चुलींविषयी काय लिहितात, ते कॅमेऱ्याला दिसले का, हे तपासता येईल.

आणि व्याख्याता एकच का असावा? रूश यांनी एदगार मोरँ यांच्यासह केलेल्या ‘क्रोनिक दं एते’ (१९६१) मध्ये ज्यांचे चित्रण केले, त्यांनाच ते दाखवून त्यांचे म्हणणेही चित्रपटात घेतले आहे. खंडोबाचा चित्रपट असेल त्या दिवशी एखाद्या वाघ्याला किंवा मुरळीला रीतसर वक्ता म्हणून बोलवावे, प्राध्यापकांइतकेच मानधन द्यावे, आणि ‘आता आपण एक गाणे म्हणून दाखवा’ असा आग्रह कृपया करू नये. प्रश्न त्यांनाही पडतात; चित्रीकरणाचे पैसे कोणाला मिळाले, हा बहुधा पहिला असेल.

उत्तर: विभागातला_एक

सर्वांचे आभार. पहिल्या महिन्यात ‘द अ‍ॅक्स फाइट’ ठेवून तो पहिल्या भागानंतर थांबवण्याची सूचना विभागात मांडतो, आणि व्याख्यात्यांना चित्रपटानंतर चाळीस मिनिटे मिळतील असे आधीच कळवतो. परवानगीचे पत्र याच आठवड्यात पाठवीन. मानधनाबाबत मात्र अडचण अशी आहे की विद्यापीठाच्या अर्जात वक्त्याची शैक्षणिक अर्हता लिहिण्याचा रकाना सक्तीचा आहे. तेथे वाघ्यासाठी काय लिहावे, याचा कोणाला अनुभव असल्यास अवश्य सांगावे.