उधाण-भांगाने (मोठ्या-लहान भरतीने) इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलते? गणित जुळत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर हर्णैला. सोमवारी सेमिनार आहे: त्वरकातल्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातल्या) इलेक्ट्रॉन बीमची, म्हणजे झोताची, ऊर्जा कशी मोजतात. चुंबकाचा भाग तयार आहे. ०.३ × क्षेत्र (टेस्ला) × वळणाची त्रिज्या (मीटर) केलं की जीईव्हीत (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये) ऊर्जा येते. इंदूरच्या इंडस-२ त्वरकासाठी दीड टेस्ला आणि साडेपाच मीटर घातले, अडीच जीईव्हीच्या आसपास आलं. खूश झालो.

घोडं अडलंय ते जिनिव्हाच्या लेपवर (इलेक्ट्रॉन फिरवणारी त्वरक-रिंग, १९८९ ते २०००, परीघ २६.७ किमी). चंद्रामुळे तिथला खडकच थोडा वरखाली होतो, परीघ जेमतेम १ मिमीने बदलतो, आणि तेवढ्याने ४५.६ जीईव्हीच्या बीमची ऊर्जा १० एमईव्हीच्या (१ जीईव्ही = १००० एमईव्ही) आसपास हलायची, असं वाचलं. बाबांची होडी आहे. अमावास्या-पुनवेचं उधाण आणि अष्टमीचा भांग आमच्या घरात कॅलेंडर न बघता कळतो. त्यामुळे माझ्या अभ्यासात त्यांनी पहिल्यांदाच कान दिला, आणि नेमकं तिथेच मला समजावता येईना.

माझा हिशोब असा: २ कोटी ६७ लाख मिमीत १ मिमी. त्रिज्या तेवढीच वाढली तर ऊर्जाही त्याच प्रमाणात वाढायला हवी, म्हणजे ०.००१७ एमईव्ही. पाच हजार पटींचा फरक कुठून आला? शिवाय इतका बारीक बदल त्यांनी पकडला कसा? सरांना विचारलं, 'हा मुद्दा गाळून टाक' म्हणाले. गाळायचा नाहीये.

प्रतिसाद १
गाळू नकोस, सेमिनारचा जीव तोच आहे. तुझी चूक एकच: बीमची वाट रिंगबरोबर लांबत नाही. आरएफची (बीमला ऊर्जा देणाऱ्या रेडिओ लहरींची) वारंवारता ठरलेली आणि इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाणारा, त्यामुळे एका फेरीचं अंतर बांधलेलं. खडकाबरोबर चुंबक बाहेर सरकतात, बीम तिथेच राहतो, म्हणजे क्वाड्रुपोलच्या (बीम एकवटणाऱ्या चुंबकाच्या) मध्यातून न जाता किंचित आतल्या बाजूने जातो. तिथे त्याला बाहेरच्या दिशेने ढकललं जातं. तरी फेरीत ३६० अंश वळायचं आहेच, म्हणून ऊर्जा थोडी घटते आणि वळवणारे मुख्य चुंबक ती कसर भरून काढतात. परिघातल्या बदलाच्या प्रमाणाला मोमेंटम कॉम्पॅक्शन फॅक्टरने (ऊर्जा बदलली की वाटेची लांबी किती प्रमाणात बदलते, तो आकडा) भागून बघ. लेपसाठी तो सुमारे ०.०००१९, म्हणजेच तुझे पाच हजार.

प्रतिसाद २
मोजणीचं सांगतो. रिंगमध्ये फिरता फिरता इलेक्ट्रॉनांचे स्पिन (प्रत्येकातलं जणू चिमुकलं चुंबक) आपोआप एका दिशेला लागतात, यालाच ध्रुवीकरण म्हणतात. एका फेरीत स्पिन किती वेळा गिरकी घेतो हा आकडा म्हणजे ऊर्जा भागिले ०.४४०६५ जीईव्ही, लेपला साधारण १०३.५. बीमला आडव्या चुंबकीय क्षेत्राने हलके झटके देत त्या झटक्यांची वारंवारता बदलत जायची. ती गिरकीशी जुळली की ध्रुवीकरण मोडतं, ते लेझरने दिसतं. वारंवारता फार अचूक मोजता येते, म्हणून १ एमईव्हीपेक्षा लहान बदलही सापडतो.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! म्हणजे माझं चिन्हसुद्धा उलटं होतं, परीघ वाढला की ऊर्जा कमी. रात्री बाबांना सांगितलं. ते म्हणाले, 'मग भांगाच्या दिवसांतच मोजायचं ना!' भांगालाही थोडी भरती-ओहोटी असतेच, हे त्यांनाच सांगायचं म्हणजे अवघड आहे. भांगाला हा बदल किती एमईव्हीवर येतो, कुणी काढून देईल का?